काडेपेटीतली दोन मूलद्रव्ये आणि उल्हास नदी

अंबरनाथ पश्चिमेला विमको नाका आहे. रिक्षावाल्यांच्या तोंडी असलेलं हे नाव काडेपेट्यांच्या कारखान्याचं. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजेच विमको, स्वीडनच्या भांडवलावर १९२०च्या दशकात अंबरनाथला आली, आणि इथल्या काड्यांनी पुढे देशभरच्या चुली आणि उदबत्त्या पेटवल्या.

काडेपेटीत रसायनशास्त्राचा एक अख्खा धडा आहे. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक असतो. पेटीच्या कडेच्या तपकिरी पट्टीवर तांबडा स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, आणि काचेची पूड असते. काडी घासली की घर्षणाच्या उष्णतेने पट्टीवरचा कणभर स्फुरद पेटतो, त्या ठिणगीने क्लोरेटमधला प्राणवायू मोकळा होतो, गंधक जळू लागतो आणि आग लाकडाला लागते. त्या क्षणी नाकाला झोंबतो तो सल्फर डायऑक्साइड. पूर्वीच्या काड्यांमध्ये पांढरा स्फुरद असे. तो इतका विषारी होता की काड्या बनवणाऱ्या कामगारांच्या जबड्याची हाडं सडत. म्हणून १९०६ मध्ये बर्न इथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने त्याच्यावर बंदी आली. ज्वलनशील द्रव्यं काडी आणि पेटी अशी विभागून ठेवण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकातली, स्वीडनमधली. ती अंबरनाथला पोहोचली तेव्हा काडेपेटी बरीच निर्धोक झालेली होती.

काडी विझल्यावर गंधक आणि स्फुरद कुठे गेले? काडीवर आणि पेटीवर ते आता नाहीत, पण जगातून गेलेले नाहीत. गंधक प्राणवायूशी जोडला जाऊन वायू झाला, स्फुरदाचा पांढरा धूर झाला, आणि दोन्ही हवेतल्या बाष्पात मिसळून कुठेतरी आम्लाच्या रूपात खाली बसले. आंत्वान लाव्हाझिएने १७८९च्या आपल्या ग्रंथात मांडलेला नियम हाच आहे: रासायनिक क्रियेत मूलद्रव्य नष्ट होत नाही आणि नव्याने तयारही होत नाही. त्याची जोडीदार द्रव्यं बदलतात आणि जागा बदलते. शाळेत हा नियम आपण पाठ करतो आणि परीक्षेनंतर सोडून देतो. बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या तीन गावांतल्या पाण्याचं आणि हवेचं काय चाललं आहे हे समजून घ्यायला याहून उपयोगी नियम मला दुसरा माहीत नाही. म्हणून काडेपेटीतल्या या दोन मूलद्रव्यांचाच माग काढू. आवर्तसारणीत स्फुरदाचा क्रमांक १५ आणि गंधकाचा १६, म्हणजे दोघे शेजारी. आपल्या नदीतही ते शेजारीच राहतात आणि एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करतात.

आधी गंधक. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने अंबरनाथला सल्फ्युरिक ॲसिड आणि सुपर फॉस्फेट यांचं उत्पादन सुरू केलं. या प्रकारच्या देशातल्या सुरुवातीच्या कारखान्यांपैकी हा एक. सल्फ्युरिक ॲसिड जवळजवळ प्रत्येक रासायनिक उद्योगाला लागतं. ते बनवायची रीत ऐकायला सोपी आहे: गंधक जाळायचा, तयार झालेल्या सल्फर डायऑक्साइडला व्हॅनेडियमच्या उत्प्रेरकावरून नेऊन आणखी एक प्राणवायूचा अणू जोडायचा, आणि मग पाणी द्यायचं. थेट पाणी दिलं तर आम्लाचं धुकं उठतं, म्हणून तो वायू आधी तीव्र ॲसिडमध्येच मुरवतात. ३२ किलो गंधकापासून ९८ किलो ॲसिड होतं. वाढलेले ६६ किलो हवेतल्या प्राणवायूचे आणि पाण्याचे.

हा गंधक पूर्वी खाणीतून येई. आज जगभर तो मुख्यतः तेलशुद्धीकरणातून मिळतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर विकलं जाणारं भारत स्टेज सहाचं पेट्रोल-डिझेल दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० भाग गंधक बाळगतं. त्याआधीची मर्यादा ५० भागांची होती. गाड्यांच्या धुरातून जो गंधक आपल्या फुप्फुसात गेला असता, तो शुद्धीकरण कारखान्यातच काढून घेतला जातो आणि ॲसिडच्या कारखान्यांना विकला जातो. मूलद्रव्याला योग्य ठिकाणी अडवलं तर तोच कच्चा माल होतो, याचं हे उत्तम उदाहरण आहे. नदीच्या बाबतीत आपल्याला नेमकं हेच जमलेलं नाही.

अंबरनाथला ॲसिड आणि खत एकाच छताखाली का, याचंही उत्तर रसायनात आहे. खनिज फॉस्फेटचा दगड पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तो दळून शेतात टाकला तरी भाताच्या मुळांना त्यातला स्फुरद फारसा मिळत नाही. त्यावर सल्फ्युरिक ॲसिड घातलं की कॅल्शियमचा काही भाग गंधकाशी जोडला जाऊन जिप्सम होतो आणि उरलेलं फॉस्फेट विरघळण्याजोगं होतं. इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉझने १८४२ मध्ये याचं पेटंट घेतलं. सिंगल सुपर फॉस्फेटच्या गोणीवर जे १६ टक्के छापलेलं असतं ते स्फुरदाच्या ऑक्साइडचं प्रमाण. मूलद्रव्य म्हणून स्फुरद सुमारे ७ टक्के भरतो आणि गंधक ११ टक्के. ५० किलोच्या गोणीत साडेतीन किलो स्फुरद आणि साडेपाच किलो गंधक. हे आकडे लक्षात ठेवावेत, पुढे हिशेबाला लागतील.

ॲसिडच्या रूपात गंधक या पट्ट्यात पसरला. शहाडला सेंच्युरी रेयॉनमध्ये सेल्युलोजचा लगदा कॉस्टिक सोड्यात मुरवून त्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया करतात. त्यातून मधासारखा दाट द्रव तयार होतो. बारीक छिद्रांतून तो सल्फ्युरिक ॲसिडच्या कुंडात सोडला की रेयॉनचा धागा निघतो. जो गंधक आत गेला त्यातला काही कार्बन डायसल्फाइड आणि हायड्रोजन सल्फाइड या वायूंच्या रूपात सुटतो आणि पकडून परत वापरावा लागतो, बाकीचा सोडियम सल्फेट होतो. हेच सोडियम सल्फेट जगभर कपडे धुण्याच्या पावडरींमध्ये भर म्हणून घालतात.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी लष्करी छावणीच्या जागेवर उल्हासनगर उभं केलं, आणि पुढे तिथे जीन्सचा मोठा धंदा वाढला. जीन्सच्या धाग्याला निळा रंग गिरण्यांमध्येच लागतो, पण तिथेही गंधक आहेच. नीळ पाण्यात विरघळत नाही. ती विरघळावी म्हणून कॉस्टिकबरोबर सोडियम हायड्रोसल्फाइट घालतात, ज्याला रंगारी नुसतं ‘हायड्रो’ म्हणतात. पिवळट-हिरव्या द्रावात बुडवलेला धागा बाहेर काढला की हवेतल्या प्राणवायूने डोळ्यांदेखत निळा होत जातो. शिवलेली जीन्स फिकी, विरलेली, वापरलेली दिसावी म्हणून वॉशिंगमध्ये पोटॅशियम परमँगनेट फवारतात आणि त्याचे तपकिरी डाग घालवायला मेटाबायसल्फाइट लावतात. सुटलेली नीळ, प्युमिस दगडाची भुकटी, ब्लीच आणि हे सगळे क्षार धुवणाच्या पाण्यात जातात. प्रदूषणावरून झालेल्या कारवाईत उल्हासनगरमधली अनेक वॉशिंग युनिट्स बंद पडली आणि बऱ्याच कुटुंबांचा रोजगार गेला. त्याचा राग समजण्यासारखा आहे. पण ते पाणी शुद्ध करायचं तंत्र अस्तित्वात होतं. ते लहान युनिटना परवडेल अशा सामाईक व्यवस्थेत वेळेवर उभं राहिलं नाही.

या सगळ्या वाटांनी आलेला गंधक शेवटी एकाच रूपात स्थिरावतो: सल्फेट. पाण्यात विरघळलेलं सल्फेट दिसत नाही, त्याला वास नाही, आणि थोड्या प्रमाणात ते अपायकारकही नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत सल्फेट चालवून घेतं. आपल्या नळाचं पाणी गाळताना जी तुरटी वापरतात तीही सल्फेटच. मग वालधुनी नदीला कुजक्या अंड्यांसारखा वास का येतो?

वालधुनी अंबरनाथजवळच्या काकोळ्याच्या डोंगरात उगम पावते, शिलाहारांच्या काळातल्या, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६०चा शिलालेख असलेल्या शिवमंदिराला वळसा घालून जाते आणि उल्हासनगरमधून कल्याणच्या खाडीला मिळते. तिच्यात कारखान्यांचं पाणी येतं आणि त्याच्या कितीतरी पट घराघरांतलं सांडपाणी येतं. ३० अंश तापमानाला स्वच्छ पाण्याच्या एका लिटरमध्ये जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. घरगुती सांडपाण्यातली घाण खाऊन संपवायला जिवाणूंना लिटरमागे सुमारे २०० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. भागाकार करून पाहा: एका लिटर सांडपाण्यासाठी सत्तावीस लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा प्राणवायू खर्ची पडतो. उन्हाळ्यातल्या वालधुनीत तेवढं पाणी असतं कुठे?

प्राणवायू संपला की जिवाणू थांबत नाहीत. ते नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात, मग लोहाच्या गंजातला, आणि तोही संपला की सल्फेटमधला. सल्फेटमधला प्राणवायू काढून घेतला की उरतो सल्फाइड, आणि सल्फाइडला हायड्रोजन मिळाला की हायड्रोजन सल्फाइड. कुजक्या अंड्याचा वास तो हाच. नाल्याच्या तळाचा गाळ काळाकुट्ट असतो, कारण लोह आणि सल्फाइड मिळून काळं आयर्न सल्फाइड होतं. काठावरच्या घरात चांदीची भांडी लवकर काळवंडतात, एसीच्या तांब्याच्या नळ्या गंजतात, तेही याच वायूमुळे होऊ शकतं.

या वायूची ओळख आपल्या स्वयंपाकघरातही आहे. पादेलोणात अल्प प्रमाणात सल्फाइड असतात. कोरडं पादेलोण हुंगलं तर वास बेताचा येतो, लिंबाच्या सरबतात टाकलं की एकदम उसळतो. लिंबातल्या आम्लाने सल्फाइडला हायड्रोजन पुरवला आणि वायू मोकळा झाला. सरबतातलं प्रमाण इतकं कमी असतं की त्याने काही होत नाही. पण नाल्यातही क्रिया अक्षरशः तीच घडते, आणि तिथे प्रमाण कमी नसतं. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ९ असेल तर त्यातल्या सल्फाइडपैकी शंभरात एक भाग वायूच्या रूपात असतो. सामू ७ला निम्मा. ५ला शंभरातले नव्व्याण्णव. म्हणजे सल्फाइड साठलेल्या नाल्यात कुणी आम्लधर्मी पाणी सोडलं, तर तोवर पाण्यात अडकून असलेला विषारी वायू काही मिनिटांत वस्तीत पसरू शकतो. ॲसिड जळजळीत असण्याचा धोका सगळ्यांना कळतो. हा दुसरा धोका कुणी सांगत नाही.

२०१४च्या नोव्हेंबरअखेर उल्हासनगरमध्ये वालधुनीत टँकरने रासायनिक द्रव सोडला गेला आणि काठावरच्या वस्तीतल्या शेकडो लोकांना मळमळ, श्वास कोंडणं, डोळे चुरचुरणं अशा त्रासाने रुग्णालयात न्यावं लागलं. माणसं झोपेत होती. द्रव नदीत टाकला की तो वाहून जाईल, संपेल, या समजुतीने ते कृत्य झालं असावं. नदीत आधीपासून काय आहे आणि त्याची नव्या द्रवाशी कशी गाठ पडेल याचा विचार टाकणाऱ्याने केला नव्हता, किंवा त्याला त्याची पर्वा नव्हती. दोन्ही अक्षम्य आहे.

सामू समजून घ्यायला बदलापूरकरांना प्रयोगशाळा लागत नाही, जांभूळ पुरतं. भौगोलिक मानांकन मिळालेल्या इथल्या जांभळाला गडद रंग देणारी अँथोसायनिन नावाची द्रव्यं सामूप्रमाणे रंग बदलतात. जांभळाचा रस पाण्यात कालवून दोन पेल्यांत घ्या. एकात लिंबू पिळा, तो लालसर होईल. दुसऱ्यात खाण्याचा सोडा टाका, तो निळसर, मग हिरवट होईल. शर्टावरच्या जांभळाच्या डागाला साबण लावला की तो निळा पडतो, त्याचं कारणही हेच. सामूची मोजपट्टी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सनने १९०९ मध्ये आखली. तिच्यावरची एक पायरी म्हणजे दसपट फरक, आणि हेच बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा लागतो. कारखान्याला पाणी सोडताना ५.५ ते ९ची मुभा आहे. ५.५ आणि ७ ऐकायला जवळ वाटतात, पण ५.५ सामूच्या पाण्यात आम्लता ७च्या तीसपटीहून जास्त असते.

आम्ल आणि उष्णता यांचं नातंही इथे सांगायला हवं. ३ जून २०२१च्या रात्री बदलापूरच्या शिरगाव औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सल्फ्युरिक ॲसिडचा समावेश असलेली क्रिया जास्त तापली, वायू बाहेर पडला आणि आसपासच्या वस्तीत लोकांचे डोळे चुरचुरले, श्वासाला त्रास झाला. ढोबळमानाने दर १० अंशांना रासायनिक क्रियेचा वेग दुप्पट होतो. क्रिया स्वतःच उष्णता सोडणारी असेल तर वेग वाढला की उष्णता वाढते आणि उष्णता वाढली की वेग. थंड करण्याची यंत्रणा क्षणभर कमी पडली तर सूत्रं माणसाच्या हातून निसटतात. घरातही ही काळजी घ्यावी: संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं पाणी कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. आणि सेप्टिक टँक किंवा मॅनहोलमध्ये कुणालाही उतरवू नये. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या पुढे गेलं की नाकाची वास ओळखण्याची शक्तीच बधिर होते. वास थांबतो तेव्हा आत उतरलेल्या माणसाला धोका टळल्यासारखं वाटतं आणि तो आणखी खाली जातो. गटारांत गेलेले कितीतरी जीव असे गेले आहेत. सुरक्षा साधनांशिवाय हे काम माणसाकडून करून घेणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे.

आता स्फुरद. १६६९ मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांटने माणसाचं मूत्र आटवून आटवून हे मूलद्रव्य वेगळं केलं. तो सोन्याच्या शोधात होता, हाती आला अंधारात चमकणारा मेणासारखा पदार्थ. मूत्रात स्फुरद असणारच, कारण शरीर तो सतत वापरतं. हाडं, दात, पेशीचं पटल, डीएनए, स्नायूंना ऊर्जा पुरवणारे रेणू, सगळीकडे तो लागतो. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ७०० ग्रॅम स्फुरद असतो, आणि रोज साधारण एक ग्रॅम अन्नातून येतो आणि तेवढाच मलमूत्रातून बाहेर जातो.

इथे गोणीच्या आकड्यांची गरज आहे. २०११च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८, अंबरनाथची २,५३,४७५ आणि कुळगाव-बदलापूरची १,७४,२२६ होती. बेरीज नऊ लाख तेहतीस हजारांच्या वर. माणशी एक ग्रॅम धरला तर तीन गावांच्या संडासांतून रोज नऊशे किलोहून अधिक स्फुरद निघतो. म्हणजे सुपर फॉस्फेटच्या अडीचशेहून जास्त गोण्या, दररोज. त्यानंतर बदलापुरात किती इमारती उभ्या राहिल्या हे पाहिलं तर आजचा आकडा याहून बराच मोठा असणार. त्यातला काही भाग सेप्टिक टँकच्या गाळात अडतो, काही शुद्धीकरण केंद्रांत. उरलेला वालधुनीत आणि उल्हासमध्ये जातो. कपडे आणि भांडी धुण्याच्या काही पावडरींतला फॉस्फेट आणि वांगणी, नेरळ, कर्जतकडच्या भातखाचरांतून पावसाबरोबर वाहून येणारं खत यांची भर वेगळीच.

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरातून येते. उन्हाळ्यातही ती वाहती राहते त्याचं मोठं श्रेय भिवपुरीच्या वीजघराला आहे. १९२२ मध्ये सुरू झालेलं टाटांचं हे वीजघर घाटमाथ्यावरच्या आंध्रा नदीचं पाणी खाली सोडतं आणि ते उल्हासला मिळतं. बदलापूरच्या बंधाऱ्यावर हे पाणी उचलतात. खाली मोहने, शहाडपर्यंत कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर अशा कित्येक शहरांची तहान याच नदीवर भागते. आणि याच पट्ट्यात, रायते, कांबा, मोहने इथे, पावसाळा सरला की नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा चढतो.

दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या वनस्पतीला ऊन आणि पाणी इथे फुकट मिळतं. नदीत तिची वाढ रोखणारी गोष्ट सहसा एकच असते, नत्र आणि स्फुरदाची टंचाई. ती आपण दूर केली. अनुकूल स्थितीत जलपर्णी एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. ताज्या जलपर्णीत पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि कोरड्या भागात स्फुरद हजारी काही ग्रॅम इतकाच. त्यामुळे एक किलो स्फुरदावर काही टन हिरवीगार जलपर्णी पोसली जाते. नऊशे किलोंच्या शेजारी हा आकडा ठेवला की यंत्राने उपसूनही ती परत का येते याचं कोडं उरत नाही.

यानंतर जे घडतं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण इथे दोन्ही शेजारी एकत्र येतात. नदीत आलेल्या स्फुरदाचा मोठा भाग तळाच्या गाळातल्या लोहाच्या गंजाला चिकटून बसतो. पाण्यात प्राणवायू आहे तोवर तो तिथेच बंदिस्त राहतो. जलपर्णी माजली की तिच्याखाली ऊन आणि हवा पोहोचत नाही, ती मरून कुजली की उरलासुरला प्राणवायू संपतो, आणि मग तळातले जिवाणू सल्फेटकडे वळतात. तयार झालेला सल्फाइड लोहाला ओढून घेतो आणि काळा गाळ होतो. लोह गेलं की त्याला चिकटलेला स्फुरद मोकळा होऊन परत पाण्यात येतो आणि पुढच्या हंगामाच्या जलपर्णीला मिळतो. गंधक असा स्फुरदाची कैद सोडवतो. म्हणून आजपासून सांडपाण्याचा एक थेंब नदीत गेला नाही असं समजलं, तरी वर्षानुवर्षं साठलेला गाळ काही काळ जलपर्णीला पोसत राहील. लवकर सुरुवात करण्याचं खरं कारण हे आहे.

जलपर्णीवर तणनाशक फवारून ती जागीच मारण्याचा सल्ला अधूनमधून दिला जातो. या हिशेबात तो बसत नाही. मेलेली वनस्पती तळाला जाते, स्फुरद नदीतच राहतो, आणि कुजताना प्राणवायू जातो तो वेगळा. उलट हिरवी असताना उपसून बाहेर नेलेल्या प्रत्येक टनाबरोबर स्फुरद खरोखर नदीबाहेर जातो. त्याहून चांगलं म्हणजे तो नदीत येण्याआधीच अडवणं. शुद्धीकरण केंद्रात लोहाचे किंवा ॲल्युमिनियमचे क्षार घातले की फॉस्फेट साक्याच्या रूपात खाली बसतं, आणि मॅग्नेशियम योग्य प्रमाणात दिलं तर सांडपाण्यातल्या अमोनियासह त्याचे स्ट्रुव्हाइट नावाचे स्फटिक मिळतात, जे थेट खत म्हणून चालतात. भारत आपल्या गरजेचं बहुतेक खनिज फॉस्फेट मोरोक्को, जॉर्डन, इजिप्त अशा देशांतून विकत आणतो. परकीय चलन मोजून आणलेला स्फुरद भातातून आपल्या ताटात येतो आणि दुसऱ्या दिवशी उल्हासमध्ये सोडला जातो. डिझेलमधल्या गंधकाबाबत जे देशाने करून दाखवलं, ते स्फुरदाबाबत करायला रसायनशास्त्राची कोणतीही अडचण नाही.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ उल्हास नदीवर बदलापूर आणि मोहने इथे नियमित नमुने घेतं आणि आकडे आपल्या संकेतस्थळावर देतं. तिथे सामू, विरघळलेला प्राणवायू आणि जैविक प्राणवायू मागणी पाहा. प्राणवायू लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली गेला तर बऱ्याच माशांना तग धरणं कठीण होतं; पिण्यासाठी उचलायच्या पाण्यात जैविक मागणी ३ मिलिग्रॅमच्या वर असू नये. बदलापूर आणि मोहने यांच्या आकड्यांत जो फरक दिसेल, त्यात आपल्या गावांचा वाटा आहे. आणि नगरपरिषदेत, महापालिकेत जलपर्णी काढण्याचं कंत्राट मंजूर होईल तेव्हा दोन प्रश्न लेखी विचारा: किती टन काढली, आणि ती कुठे नेली. काठावर रचून ठेवली तर पहिल्या पावसात तिच्यातला स्फुरद पुन्हा नदीत उतरतो. जड धातूंची तपासणी करून ती नदीपासून दूर कंपोस्टला न्यायची अट कंत्राटात नसेल, तर ती घालून घ्या.